इतर

संस्थेच्या कपाटात एक निळी वही आहे,
तिच्यात मी सव्वीस वर्षं मासळी लिहितो.
रोहू, कतला, मृगल, मरळ, झिंगे,
आणि कडेला एक अरुंद रकाना: इतर.
त्यात आजवर आलं काय?
एकदा कासव.
एकदा पितळेचं घंगाळ, ज्याला मालक सापडला नाही.

हा तर बोटाच्या नखाएवढा.
दोन चैत्रांमागे दौलत नान्हेच्या जाळ्याला
खडी चिकटावी तसा लटकून आला.
“बाबू, याले का म्हणते जी?”
मी म्हटलं, शिंपला.
“शिंपला मले नोका शिकवू.”

खरं होतं त्याचं.
शिंपला म्हणजे तळहाताएवढा,
बाहेरून चिखलाचा, आतून चांदीच्या वाटीसारखा.
त्याच्या आईनं एकाला दगडावर घासून भोक पाडलेलं,
त्यावर उन्हाळाभर कैऱ्या सोलायच्या.
आणि दुसऱ्या, बिनभोकाच्या शिंपल्यानं
सातव्या महिन्यात जन्मलेल्या दौलतला
थेंब थेंब दूध पाजलेलं.
हा नवा कशालाच पुरत नाही.
पायाला मात्र लागतो.

तो आला कसा, याच्या तीन कहाण्या.
एक: ठेकेदारानं कुठल्याशा खाडीवरून
जुनी पायडलबोट आणली,
तिच्या बुडाला पांढरे खवडे होते.
दुसरी विद्यापीठातल्या मिताली खोब्रागडेची:
जहाजाच्या पोटातल्या पाण्यात बसून
हे समुद्र ओलांडतात,
डोळ्याला दिसतही नाहीत तेव्हा.
खारं चालतं, गोडंही चालवून घेतात.
मी म्हटलं, नागपूरला कुठलं जहाज, पोरी?
ती म्हणाली, “ट्रक आहेत ना काका.
सगळे रस्ते आपल्याकडूनच तर जातात.”

तिसरी मी तिला सांगितली नाही.

पाणी आता इतकं नितळ झालंय
की सकाळी फिरायला येणारे बांधावर थबकतात.
“अगदी गोवा!” म्हणतात, फोटो काढतात.
कुणीतरी फलकही लावला, अभिनंदनाचा, हसऱ्या चेहऱ्यांचा.
तळ दिसतो. बाटल्या, गणपतीचा एक हात,
आणि त्या हातावर, बाटल्यांवर, जुन्या शिंपल्यांच्या पाठीवर
दाटीवाटीनं बसलेले हे.
मिताली सांगते, एकेक जण दिवसभर पाणी गाळतो,
त्यातली हिरवट गढूळी खाऊन टाकतो.
रोहूचं पिल्लू त्याच गढूळीवर वाढायचं.
आम्ही घाण म्हणायचो, ते ताट होतं.

वहीत दिसतं सगळं.
रोहू चाळीस किलो. रोहू अकरा.
रोहू साडेतीन, तेही बारकं.
मग नुसती आडवी रेघ.
इतर: दोन पोती.
इतर: नऊ पोती, मोजणं सोडलं.
पारबताबाईनं मंगळवारी बाजारात टोपलीभर मांडून पाहिला,
दिवेलागणीला तसाच परत आणून कोंबड्यांना टाकला.
कोंबड्या माना वाकड्या करून बघत राहिल्या.
दौलत आता बुटीबोरीला रात्रपाळीचा चौकीदार आहे.
जाळं छपराला टांगलंय, त्यात चिमण्या अडकतात.

परवा, सेहेचाळीस अंशांच्या दुपारी, घरचा कूलर थांबला.
टाकी उपसली, मोटर उघडली.
टँकर तलावालगतच्या विहिरीवर भरतो, हे तेव्हा आठवलं.
वाळ्याच्या ओल्या वासात, पात्यांच्या बेचक्यात,
तोंडं मिटून सात-आठ जण.
“हे घरात कोन आनलं बाप्पा?” बायको म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही.
निळ्या वहीच्या कव्हरात एक चलान आहे, चार वर्षांपूर्वीचं:
जुनी जाळी, वापरलेली, किनाऱ्यावरची,
दोनशे चाळीस किलो, निम्म्या भावात.
खाली सही आहे, वळणदार.
मला तेव्हा शाबासकी मिळाली होती.

चिमट्यानं एकेक काढून
मी त्यांना बशीत ठेवलं.
पाण्याविना ते किती वेळ जगतात ते पाहावं म्हणून
बशी खिडकीत ठेवली, उन्हात.
संध्याकाळपर्यंत दोन उघडले.
बाकीचे अजून मिटलेलेच आहेत.